लवंगेच्या तेलाची अर्धी तपासणी

९ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, तोवर राग उतरला तर.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, मी तुझं होऊ देत नाही, आणि मग तुझी नणंद मध्ये पडून दोघींनाही गप्प करते. कागदावर मला कोणी अडवत नाही.

काल धाकटा इथे येऊन गेला. माझा भाऊ, तुझा मामेसासरा आणि वर तुझा मालक. तिन्ही नात्यांनी ज्याच्याशी नीट बोलायला हवं, तो माणूस माझ्यासमोर तोंड पाडून बसला होता. म्हणाला, ताई, दातांच्या डॉक्टरांची मोठी मागणी आली आहे, लवंगेचं तेल पिंपांत भरून तयार आहे, पण तुझी सून रिपोर्टवर सही करत नाही. बाटलीने तपासलं तर तेल पास होतंय आणि तिच्या नव्या यंत्रावर नापास होतंय. आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणते कशी, "ती म्हातारीची बाटली आता कपाटात ठेवा!"

म्हातारी म्हणजे मी. हो ना? कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. अगं, त्या प्रयोगशाळेत तुला मी आणलं. तुझा हात स्थिर आहे, जीभ नसली तरी, म्हणून आणलं. ती लांब मानेची बाटली काय करते ते तुला माझ्याकडून कळलं. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून हलवायचं. लवंगेचं खरं सत्त्व, युजेनॉल, पाण्यात उतरतं. बाकीचं तेल मानेत वर चढतं. मानेवरच्या रेघा वाचायच्या, की उरलं किती आणि सत्त्व किती ते कळलं. यात म्हातारं काय आहे?

मी धाकट्याला तिथल्या तिथे पत्र लिहून दिलं. मी मुख्य परीक्षक असताना लवंगेचं तेल नेहमी याच बाटलीने तपासलं आणि एकदाही कोणाची तक्रार आली नाही, असं. खाली सही ठोकली. दातांचे डॉक्टर तुला ओळखत नाहीत, मला ओळखतात.

आता मुकाट्याने सही कर. घरच्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावू नये, एवढं तरी शिकवलं असेल ना तुझ्या आईने?

राग उतरला नाही. आशीर्वाद राहू देत.

तुझी सासू, म्हणजे ती म्हातारी

---

१४ जानेवारी

आई,

नमस्कार मात्र मी आधीच करते. माझ्या आईने एवढं शिकवलंय.

म्हातारीची बाटली असं मी म्हटलं का? म्हटलं. हो, म्हटलं! मामा लेबलवाल्या बायकांसमोर माझ्या टेबलावर हात आपटून "सही कर, सही कर" करत होते, तेव्हा माझ्या तोंडून निघालं. पण त्याच्या आधी काय घडलं ते मामांनी तुम्हाला सांगितलं नाही. आणि तुम्हीही विचारलं नाहीत. मला राग त्याचाच जास्त आहे.

ऐका. पिंप आलं दलालाकडून, नेहमीच्या भट्टीवरून नाही. झाकण काढलं तर लवंगेच्या वासाच्या मागे दवाखान्याच्या फरशीचा वास. मी आधी बाटलीच लावली, तुमच्याच पद्धतीने, तुमच्याच हातची रेघ पुसली जाऊ नये म्हणून मान जपून धरली. आकडा उत्तम आला. मग यंत्रावर नमुना सोडला. यंत्र तेलातला एकेक पदार्थ वेगळा काढतं आणि कागदावर प्रत्येकाचं शिखर उमटवतं. युजेनॉलचं शिखर असायला हवं त्याहून कितीतरी बुटकं आलं. आणि त्याच्या बरंच आधी, लवंगेच्या तेलात जिथे काहीच उभं राहत नाही, तिथे एक भलं मोठं शिखर. मी पुन्हा केलं. शुद्ध नमुना शेजारी लावून पुन्हा केलं. ते कार्बोलिक आहे, आई. फरशी पुसायचं कार्बोलिक. कोणीतरी तेलातलं युजेनॉल काढून वेगळं विकलंय आणि भर म्हणून हे ओतलंय. बाटलीला दोघं सारखेच, कारण दोघंही कॉस्टिकमध्ये विरघळतात. हे तेल डॉक्टर माणसाच्या दाढेत कापसाच्या बोळ्याने ठेवणार आहेत. हिरडी भाजून पांढरी पडेल.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "इतकं बारीक कोणी बघत नाही."

मामांना दिलेलं तुमचं पत्र कारखान्यात पोचलं. काचेत बसवून तराजूच्या वर लटकवलंय. त्याच्या प्रतीही काढायला टाकल्या आहेत, प्रत्येक खोक्यात एक घालायची म्हणे. आणि मला प्रयोगशाळेतून काढून लेबलं चिकटवायला बसवलंय. तुमच्या चिरंजीवांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझंही बरोबर आहे आणि मामांचंही." या माणसाच्या मानेत स्प्रिंग आहे का हो? लहानपणापासून?

मी सही करणार नाही. तुम्ही मला खाली पाहायला लावलंत, तेही दुरून, आणि एका बाजूचं ऐकून.

तुमची सून

---

१९ जानेवारी

सूनबाई,

स्प्रिंग त्याच्या बापाकडून आली आहे. माझ्याकडची नव्हे.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की लेकीने रक्तदाबाचं यंत्र आणून दंडाला बांधलं. कोणावर चिडले ते नीट सांगता येत नाही. आधी तुझ्यावरच चिडले. सासूला उलटून बोलताना तुझी लेखणी जरा अडखळत नाही! मग पुन्हा वाचलं आणि एका जागी थांबले.

तू लिहितेस, बाटलीला दोघं सारखेच. अगं बाई, हे मला माहीत नाही असं वाटलं तुला? मी काय इतकी वर्षं तिथे माशा मारत होते? बाटली कधीच एकटी नसायची. बाटलीनंतर थेंब असायचा. थोडं तेल गरम पाण्यात घालून खूप हलवायचं, गार करायचं, ओल्या गाळणकागदातून ते पाणी गाळायचं आणि त्यात फेरिक क्लोराइडचा, म्हणजे लोखंडाच्या मिठाचा, एकच थेंब टाकायचा. पाणी क्षणभर करडं-हिरवट होऊन निवळलं, तर तेल चांगलं. निळं-जांभळं झालं, तर त्यात कार्बोलिक आहे, ते पिंप परत गाडीवर. बाटली आणि थेंब मिळून एक तपासणी. नुसती बाटली म्हणजे अर्धी.

तुला थेंब शिकवला नाही, कारण तू आलीस त्याच सुमारास यंत्र आलं आणि थेंबाचं काम ते करू लागलं. धाकट्याला मात्र थेंब माहीत आहे. कॉलेजच्या सुट्टीत तो माझ्या हाताखाली काम करायचा, रंग बदलला की टाळ्या पिटायचा. आणि त्याने मला विचारलं फक्त बाटलीबद्दल. मी लिहिलंही फक्त बाटलीबद्दल. रागाच्या भरात होते ना!

तू थेंब टाकून बघ. मला तुझ्या यंत्रावर विश्वास नाही असं नाही. पण भाऊ आहे तो माझा. आई गेल्यावर मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. त्याच्याबद्दल असं काही मानायचं तर मला माझ्या स्वतःच्या पद्धतीने कळायला हवं. जांभळं झालं नाही, तर तू त्याची माफी मागायची, तीही लेबलवाल्या बायकांसमोर.

आणि त्या बाटलीबद्दल माझी माफी मागायची ती वेगळी.

सासू

---

२५ जानेवारी

आई,

जांभळं झालं.

कसं केलं ते सांगते, नाहीतर म्हणाल घाईघाईत काहीतरी केलं. लेबल लावायला आलेल्या बाटल्यांतलीच एक उचलली. फेरिक क्लोराइडची बाटली आम्लांच्या कपाटात मागे पडली होती, झाकण गंजून चिकटलेलं. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कोणी नसताना तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं केलं. आधी भट्टीवरचं जुनं चांगलं तेल घेतलं. करडं-हिरवट झालं, निवळलं. मग हे. थेंब पडला आणि शाई सांडल्यासारखं झालं. माझं यंत्र मला हे आधीच सांगत होतं, तरी मी काचेची नळी उजेडात धरून पुन्हा बघितली. यंत्राचा कागद मामांना समजत नाही म्हणून सोडून देता येत होतं. हा रंग कोणालाही कळेल.

त्यांनाही कळला. मागे येऊन उभे होते. माझ्या हातातली नळी घेतली, मोरीत ओतली, नळ सोडला आणि म्हणाले, "लेबलं राहिलीत ना अजून?" दोन्ही नळ्या त्यांनी स्वतः धुऊन उपड्या घातल्या. आई, मला तिथेच ओरडायचं होतं. पण खालच्या मजल्यावर सगळ्या बायका होत्या, त्यांच्या नोकऱ्या आहेत, आणि माझ्या तोंडातून काय निघालं असतं ते मलाच माहीत नाही.

बाटलीबद्दलचा शब्द मी मागे घेते. तुमची तपासणी पक्की होती, ती कोणीतरी अर्धी करून वापरली. एवढीच माफी. तुम्ही मला न विचारता पत्र दिलंत त्याबद्दलचा माझा राग आहे तिथेच आहे.

आता तुमचं पत्र परत घ्या. लेखी घ्या, आजच्या आज घ्या. खोकी सोमवारी निघणार आहेत. माझी सही नाही म्हणून रिपोर्टवर "ताईंच्या पत्राप्रमाणे" असा शिक्का मारून माल सोडतायत. डॉक्टर विश्वास ठेवणार आहेत तो तुमच्या नावावर.

तुमची सून

---

२८ जानेवारी

धाकट्या,

तुझी ताई लिहिते आहे आणि यावेळी पत्राच्या शेवटी पापा नाही.

थेंब जांभळा आला. तुझ्यासमोर आला आणि तू तो मोरीत ओतलास. कुठल्या तोंडाने रे? लहानपणी चुकून शाई सांडलीस तरी रडत माझ्याकडे यायचास, आणि आता नळ्या धुऊन उपड्या घालून मोकळा?

अजून मी एवढंच समजते की दलालाने तुझ्या तोंडाला पानं पुसली. होतं असं. धंद्यात माणूस फसतो. फसलास तर ओरड, दलालाची गचांडी धर, पिंपं परत कर. मी तुझ्या बाजूने उभी राहीन, दलालाला चार शब्द सुनवायला स्वतः येईन. पण ती खोकी दाराबाहेर पडता कामा नयेत. माझं पत्र काचेतून काढ आणि मला परत पाठव. त्याच्या प्रती जाळून टाक. ते पत्र मी अर्ध्याच तपासणीबद्दल लिहिलंय, आणि ते अर्धं आहे हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

सुनेला तिच्या टेबलावर परत बसव. तिची जीभ कात्री आहे, पण कात्री खोटं कापत नाही.

उत्तर लगेच पाठव. बहाणे नकोत.

ताई

---

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मन भरून आलं. तू रागावलीस तरी तुझ्या रागातही माया असते, हे मला कळत नाही का?

तुझी सून हुशार आहे, नाही कोण म्हणतं? पण राईचा पर्वत करण्याची तिला सवय. यंत्र काय, जरा धूळ पडली तरी शिखरं काढतं. आणि थेंबाचं म्हणशील, तर ती फेरिक क्लोराइडची बाटली किती जुनी होती! गंजलेली! तिच्यात रंग कुठून आला कोणास ठाऊक. तरीसुद्धा तुझ्या समाधानासाठी दलालाशी बोललो. तो म्हणाला, थोडंफार इकडेतिकडे झालं असेल. थोडंफार, ताई. दाढेत ठेवायचा तो एक बोळा, त्याने काय आभाळ कोसळतंय? खोकी मी थांबवून ठेवली आहेत, तू निश्चिंत राहा. पत्र सावकाश पाठवतो.

मी स्वतःच तुझ्याकडे येणार होतो, समोरासमोर बसून सगळं सांगितलं असतं. पण काय सांगू, उजवी खालची दाढ इतकी ठणकतेय की गाल भोपळ्याएवढा झालाय. ना धड खाता येत ना झोपता येत. कामाच्या रगाड्यात डॉक्टरकडे जायला फुरसत नाही. समोरच्या औषधवाल्याकडून लवंगेच्या तेलाची बाटली मागवली आहे, तिच्यावरच दिवस ढकलतोय. तू जवळ असतीस तर कापसाचा बोळा करून तूच ठेवला असतास, लहानपणी ठेवायचीस तसा.

घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात, ताई. आपलेच दात, आपलेच ओठ.

तुझा लाडका
धाकटा

---

६ फेब्रुवारी

औषधवाल्याकडून?

तुझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे लवंगेच्या तेलाची पिंपं उभी आहेत. दार उघडून कापूस बुडवायचा अवकाश. आणि दाढ ठणकत असताना तू रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या कारखान्यातली बाटली विकत आणवलीस!

धाकट्या, मी तुझं पत्र लेकीला वाचून दाखवत होते. तुझी दाढ दुखते म्हणून मला वाईटही वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. वाचता वाचता त्या ओळीवर आले आणि पाणी जिथल्या तिथे आटलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. दलालाने फसवलं, बाटली गंजली, यंत्रावर धूळ पडली! लेका, तुला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. स्वतःच्या हिरडीला जे लावायची तुला भीती वाटते, ते तू लोकांच्या हिरड्यांना लावायला पाठवतोयस, आणि वर माझी सही चिकटवून.

माझ्या हातचा बोळा हवा म्हणतोस. मला हे वाचून शिसारी आली, खरंच सांगते.

माझं पत्र रद्द. आज औषध खात्याच्या कार्यालयाला तसं लिहिलं आहे, पोचपावतीसकट. मला आठवत होते तेवढ्या दातांच्या डॉक्टरांनाही लिहिलं आहे. तू खोकी थांबवली आहेस म्हणतोस, तर खात्याचा माणूस येईल तेव्हा ती त्याला दाखव. दाखवता आली नाहीत, तर मला लिहू नकोस.

ताई म्हणून सही करायचा हात होत नाही.

---

१५ फेब्रुवारी

आई,

मामांच्या पत्राची नक्कल मिळाली. खोकी थांबवली नव्हतीच. तुमचं परत मागणारं पत्र मामांना पोचलं त्याच्या आधीच सगळा माल गोदामातून रात्रीतून गेला होता, मला ते काल कळलं.

काल एक दातांच्या डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. एका हातात आपली बाटली, दुसऱ्या हातात तुमच्या पत्राची प्रत. त्यांच्याकडची एक पेशंट, शिवणकाम करणारी बाई, दाढेसाठी आली होती. यांनी बोळा ठेवला. बाईला आधी बरं वाटलं, सगळं बधिर झालं म्हणून. मग हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरी पडली आणि साल निघाली. डॉक्टरीणबाई ओरडत नव्हत्या, तेच वाईट होतं. त्या मामांना म्हणाल्या, "हे कोणी तपासलं?"

मामा काय म्हणाले ऐका. म्हणाले, "आमच्या मुख्य परीक्षक, माझी थोरली बहीण. तिच्याच शब्दावर माल सोडला. मी पडलो व्यापारी माणूस, मला यातलं काय कळतं? हा घ्या तिचा पत्ता." आणि तुमचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला. ज्या बहिणीने कडेवर घेऊन वाढवलं, तिला पुढे करून हे मागे उभे! मी तिथेच बोलले. सगळं बोलले. शिखर, थेंब, मोरी, सगळं. लेबलवाल्या बायका जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी माझं नाव लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मामांनी मला आत बोलावलं. एकदम गोड आवाज. म्हणाले, टेबल परत देतो, पगार वाढवतो, फक्त एवढंच सांग की सासूबाईंनी तुला सांगितलं म्हणून तू गप्प बसलीस. म्हातारीला कोण तुरुंगात घालतंय? म्हातारी म्हणाले, आई. माझाच शब्द. मी अंगातला पांढरा कोट काढला, त्यांच्या टेबलावर टाकला आणि चालती झाले. नोकरी गेली. तुमच्या चिरंजीवांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. म्हणाले, "बरं केलंस."

आता तुम्हाला बोलते, कारण नाही बोलले तर गुदमरेन. हे सगळं तुमच्या एका कागदाने झालं. माझा राग आला होता तर मला फोनवर शिव्या द्यायच्या. मला विचारायचं, "काय गं, का सही करत नाहीस?" एवढं एक वाक्य. तुम्ही विचारलं असतंत तर त्या बाईचं तोंड भाजलं नसतं. मी तुमची सून नसते, नुसती हाताखालची मुलगी असते, तर तुम्ही नक्की विचारलं असतंत. हे मी विसरणार नाही.

ती बाई कुठे राहते ते डॉक्टरीणबाईंकडून घेतलंय. पत्ता सोबत लिहिला आहे. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. भाऊ तुमचा, सहीही तुमची.

सून

---

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

मी गेले होते. तुझ्या शहरात आले, तुझ्या दारावरून गेले आणि आत आले नाही.

त्या बाईच्या घरी गेले. सूनबाई बरोबर होती. मी नको म्हणत होते तरी आली. जिने चढताना माझा हात धरला. खोली लहान, खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्यावर कोणाचं तरी अर्धं शिवलेलं झबलं. बाई सुईत दोरा ओवताना दोरा ओठात धरून ओला करायच्या, टाचण्या दातांत धरायच्या, सगळ्या शिवणाऱ्या बायका करतात तसं. आता जमत नाही. तोंडाला काही लागलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. नळीने पातळ काहीतरी पितात. गालाची आतली बाजू त्यांनी मला उघडून दाखवली. मी आयुष्यभर तेलं तपासली, धाकट्या, पण तेल चुकलं की ते कुठे जाऊन काय करतं, हे कधी पाहिलं नव्हतं. काल पाहिलं.

मी म्हटलं, ते पत्र माझं आहे. मला वाटलं, आता हाकलून देतील, आणि द्यावंच असंही वाटलं. त्यांना बोलायला त्रास होतो. एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला ते वाचून दाखवलं होतं. मी घाबरत होते ना, म्हणून. तुमचं अक्षर फार छान आहे हो." टोमणा नव्हता रे. खरंच सांगत होत्या. मी तिथे बसून लहान पोरीसारखी रडले, आणि सूनबाईने मला रडू दिलं.

तिथून आम्ही दोघी औषध खात्याच्या कार्यालयात गेलो. मी जबाब दिला. आधी माझा गुन्हा सांगितला: अर्ध्या तपासणीवर सही दिली, पिंप न बघता, सुनेचा राग आला म्हणून. तो कारकून म्हणाला, बाई, हे लिहिलंच पाहिजे का? मी म्हटलं, पहिलं तेच लिहा. मग तुझं सांगितलं. थेंब तुला कोणी शिकवला ते सांगितलं. जांभळं पाणी कोणी ओतलं ते सूनबाईने सांगितलं. तुझं दाढेचं पत्र मी पिशवीतून काढून त्यांना दिलं. ते तिथल्या साहेबांनी वाचलं आणि जबाबाला जोडून घेतलं.

तू काल लेकीच्या घरी फोन केलास. रडलास, आईची शपथ घातलीस, म्हणालास, ताईला सांग, एकदा माफ कर. धाकट्या, आई गेली तेव्हा तू बोलायलाही शिकला नव्हतास. तिची शपथ घालायची तर ती मला घालता येईल, तुला नाही. आणि माफ करायचं तर ते त्या बाईने करायचं. जिने चढून वर जा आणि तिला विचार. ती बोलू शकेल तेव्हा बोलेल.

खटला उभा राहणार आहे. सरकारकडून पहिली साक्षीदार मी आहे आणि दुसरी सूनबाई. तू चांगला वकील कर. त्याला सांग, साक्षीदार म्हातारी आहे म्हणून उलटतपासणीत तिला सांभाळून घ्यायचं नाही, कारण ती तुला सांभाळून घेणार नाही.

तुझी थोरली बहीण